जुनीच द्या

“दोन्ही शेजारी शेजारी लाव, बाळ. आम्हाला काही घाई नाही,” काकू म्हणाल्या.

दुकानवालीने खिडकीशी दोन तिपाया मांडल्या. त्यांवर लांबचे पक्षी बघायच्या एकनळी दुर्बिणी. एक कोरी करकरीत, दुसरी कुणीतरी वर्षानुवर्षं वापरून विकलेली. वडिलांच्या मागे दुकान तिच्याकडे आलं होतं, आणि त्यांची शिस्तही. जुन्या काचा ती तान्ह्या बाळासारख्या झाकूनपाकून ठेवायची.

दुकान वरच्या मजल्यावर, खाडीच्या काठी. उतरत्या उन्हात पाणी आणि आभाळ एकमेकांत मिसळून गेलं होतं. पलीकडचा चिखलाचा पट्टा नुसत्या डोळ्यांना राखाडी रेघेएवढा दिसत होता. अशा वेळी गिऱ्हाईक आलं नाही तरी दुकानवालीला चालायचं. तासन्‌तास नुसतं बघत बसावं, असा तो उजेड असायचा.

काका जिना चढून आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता आणि हातात काठी. काकूंनी त्यांचा दंड घट्ट धरला होता.

“उंबरा आहे गं,” काका आत येताना म्हणाले होते.

“ऐकलंस? यांची काठी माझ्याआधी बोलते,” काकू हसल्या होत्या.

आता काकूंनी खुर्चीची पाठ चाचपली आणि बसत बसत सगळी कथा सांगून टाकली. पक्ष्यांचं वेड मूळचं काकांचं. मग त्यांची नजर गेली. “ऑपरेशन केलं, पण काडीचा फरक नाही म्हणतात हे. मग रोज संध्याकाळी मी गॅलरीतून बघायचे आणि यांना सांगायचे. तेवढंच तर उरलंय यांना. आणि ती दुर्बीणही माझ्याच हातून निसटली. थेट खाली, रस्त्यावर. मेलीचे तुकडे तुकडे झाले.”

“चालायचंच. जुनी झाली होती,” काका म्हणाले.

“तेव्हापासून हे नुसते बसून असतात.”

“घर मुकं झालंय,” काका म्हणाले. “ही सांगायची थांबली की मला करमत नाही.”

त्या बोलण्याच्या नादात दुकानवालीने दोन्ही दुर्बिणी पलीकडच्या काठावर रोखल्या आणि काकूंना पुढे बोलावलं. “आधी नवी बघा, काकू. हिची सर जुनीला येणार नाही. अगदी पीस न्‌ पीस दिसेल.”

काकूंनी नवीला डोळा लावला.

“छान आहे. स्वच्छ आहे,” त्या म्हणाल्या. “पण हिचा उजेड टोचतो मेला. आणि हे चाक कुठे दडवून ठेवलंय?”

मग त्या जुनीकडे वळल्या. बोटं नळीवरून फिरली, चाकावर आपसूक थांबली, आणि चेहरा खुलला.

“अगं बाई! ही तर आमच्यासारखीच!” डोळा लावताच त्यांचा आवाज बदलला. “अहो, ऐकताय ना? ओहोटी लागलीय. चिखल नुसता चमचमतोय. आणि तो आपला लंगडा बगळा बघा, आलाय. एका पायावर उभा राहून पाण्यात स्वतःलाच न्याहाळतोय.”

“एकटाच आहे?” काकांनी विचारलं.

“छे हो! मागे बायको आहे ना, फुगून बसलीय. आणि दोन पिल्लं. एक आईच्या पंखात शिरायला बघतंय, दुसरं चोच खुपसून झोपलंय.”

काकू सांगत राहिल्या. काका किंचित पुढे वाकून, हनुवटी काठीवर टेकवून ऐकत होते. दुकानवालीचं भान हरपलं. इतकी वर्षं ती याच खिडकीशी बसत होती, पण हा लंगडा आणि त्याचं कुटुंब तिला कधी दिसलं नव्हतं. तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि त्या दोघांचा हेवाही.

“काका, नवीचं काय मग?” तिने मन घट्ट करून विचारलं. “खरंच सांगते, नजरेचा प्रश्न असेल तर नवीच घ्यावी माणसाने.”

“नको. जुनीच द्या,” काका म्हणाले. “हिला हिच्यातून चांगलं दिसतंय.”

“बघा तुम्ही, काकू, मी तेवढी पुढची काच पुसून देते,” असं म्हणत दुकानवाली फडकं घेऊन खिडकीच्या बाजूने पुढे गेली, आणि तिचा हात हवेतच थांबला.

दुर्बिणीच्या तोंडावर काळं झाकण घट्ट बसलेलं होतं. सकाळी तिनेच बसवलेलं.

“अहो, आता तो उडाला!” काकू डोळा न हलवता म्हणाल्या. “काय सुंदर उडाला हो!”

दुकानवालीने बोलायला तोंड उघडलं.

काकांनी काळा चष्मा कपाळावर सरकवला, एकदा त्या झाकणाकडे बघितलं, मग थेट तिच्या डोळ्यांत, आणि ओठांवर बोट ठेवलं.