दोर संपला होता

"एकशे एकोणीस... एकशे वीस." सुनेने दोराची आणखी एक गाठ बोटांखालून सोडली आणि वल्ही धरून बसलेल्या सासऱ्याकडे पाहिलं. "बाबा, तुमचा दोर इथवरच होता ना?"

म्हाताऱ्याने मान डोलावली. चाळीस वर्षांपूर्वी थोरल्या तळ्याची खोली मोजताना याच जागी एकशे विसावी गाठ त्याच्या हातात राहिली होती आणि शिशाचं वजन खाली लोंबकळतच होतं. कचेरीत जाऊन लांब दोर मागायचा, म्हणजे साहेबासमोर कमीपणा. त्याने नकाशावर ठसठशीत अक्षरांत लिहून टाकलं, 'तळ नाही'.

ते दोन शब्द आता काठावरच्या साऱ्या वस्तीच्या मानगुटीवर बसले होते. महिनाभर तळ्यात बुडबुडे येत होते. कचेरीतल्या शहाण्यांनी जुना नकाशा उघडला, तळ नाही म्हणजे हे ज्वालामुखीचंच तोंड, असं ठरवलं आणि उद्यापर्यंत घरं रिकामी करायचा हुकूम काढला. सुनेने भांडून आजचा एक दिवस मागून घेतला होता. तळातून जळका, भोकाभोकांचा दगड निघाला तर वस्ती उठणार. नदीचा गोटा निघाला तर राहणार.

"एकशे तेवीस," ती म्हणाली आणि थांबली. दोर सैल पडला होता.

"तीन?" म्हातारा म्हणाला. "फक्त तीन गाठी कमी पडल्या?"

"तीनच."

हसावं की तोंड लपवावं, त्याला कळेना.

शिशाच्या बुडाला खळगा असतो. त्यात मेण भरतात आणि तळाशी जे असेल ते चिकटून वर येतं. दोघांनी मिळून दोर ओढला. खांदे भरून आले. शिसं नावेत आलं तेव्हा सुनेने डोळे मिटून घेतले. "तुम्हीच बघा."

मेणात कुजक्या लाकडाचा काळा तुकडा रुतला होता आणि त्याला लागून वाटाण्याएवढा एक खडा. म्हाताऱ्याने तो सदऱ्याला पुसला, तळहातावर फिरवला. कुठे कंगोरा लागेना.

"एवढं गुळगुळीत व्हायला नदीच लागते," तो म्हणाला. "तळ्याला मिळणाऱ्या तिन्ही नद्या पूर्वी इथे एक होऊन पुढे जात असणार. मग खालच्या खिंडीत डोंगर कोसळला, पाणी अडलं, रान बुडालं. ते रान कुजतंय, त्याचे हे बुडबुडे." त्याने खडा तिच्या तळहातावर ठेवला. "कुणाला कुठे जायला नको, पोरी."

तिने कचेरीतून आणलेला तो नकाशा पुढे धरला. त्याने जुने शब्द खोडून आकडा लिहिला. मग थोडा घुटमळला आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलं, 'तेव्हा दोर संपला होता.'

नाव काठाला लागली तेव्हा त्याची बायको भरलेल्या हातगाडीवर, गच्च बांधलेल्या बोचक्यांमध्ये बसली होती.

"अगं, बोचकी सोड. कुठे जायचं नाहीये," तो म्हणाला. "चूक माझीच होती."

तिने त्याला नीट न्याहाळलं. "लग्नाला पन्नास वर्षं होतील, हे आज पहिल्यांदा ऐकतेय. गाठी मी मारल्यात, आता सोडा तुम्ही."

तो हातगाडीपाशी टेकला आणि पहिली गाठ सोडवू लागला. ती सुटली तेव्हा सवयीने त्याच्या तोंडून निघालं, "एक."