उजवीकडचा आवाज

"किल्ली दे, ईशिता," गॅरेजचे मालक हिलेल अंकल म्हणाले.

ईशिताने किल्ली ओव्हरऑलच्या खिशात टाकली आणि खिशाची चेन ओढली. "नाही देणार. हा गाडी ट्रॅकवर जाणार नाही."

तिचं मराठी लंडनच्या इल्फर्डमध्येच वाढलेलं. त्यात गाडी कधी 'हा' असायची, कधी 'ही'. पण 'नाही' म्हणताना ती कधी अडखळली नव्हती.

समर आळीपाळीने दोघांकडे बघत होता. तो स्टॅनमोरचा दातांचा डॉक्टर. आठवडाभर लोकांच्या दाढा काढायच्या आणि महिन्यातून एका रविवारी आपली लाल हॅचबॅक रेसट्रॅकवर पळवायची, हे त्याचं सुख. या रविवारचंही बुकिंग होतं. आज शुक्रवार. अंकल ज्यू. संध्याकाळी शब्बाथ लागतो म्हणून शुक्रवारी ते तीनलाच शटर ओढत आणि तीन वाजायला वीस मिनिटं होती.

तीन आठवड्यांपूर्वी गाडी घुमायला लागली होती. वेग चाळीस मैलांच्या पुढे गेला की घूं घूं. अंकलनी एक चक्कर मारली आणि सांगून टाकलं, "पुढच्या उजव्या चाकाचं बेअरिंग." त्यांनी कानाने सांगितलं की पुन्हा तपासायचं नाही, ही त्या गॅरेजची चाळीस वर्षांची रीत. बेअरिंग बदललं, घूं घूं तशीच राहिली. अंकल पुन्हा चक्कर मारून आले आणि म्हणाले, नवीन बेअरिंगच खराब निघालं. तेही बदललं. आज तिसऱ्यांदा ते म्हणाले, "हा टायरचा आवाज. ट्रॅकचे टायर असेच ओरडतात. घेऊन जा गाडी."

"डावं बेअरिंग गेलंय," ईशिता म्हणाली.

"तुला आवाजातलं काय कळणार!"

ईशिता जन्मापासून जवळजवळ बहिरी. दोन्ही कानांत मशीन होतं, पण तिची खरी भिस्त समोरच्याच्या ओठांवर. तिच्या कानांचं कळल्यावर तीन गॅरेजांनी तिला परत पाठवलं होतं. अंकलनी कानांचा विषयही न काढता तिच्या हातात पाना दिला होता. त्याला सहा वर्षं झाली. म्हणून तर हे वाक्य त्यांच्या ओठांवर वाचताना तिला वाटलं, आपण चुकीचं वाचलं.

चुकीचं वाचलेलं नव्हतं.

"आवाजातलं नाही कळत," ती म्हणाली. "हातातलं कळतं. समर, तुमच्या चाकांचे स्टड कोणी बदलले?"

"तूच," समर म्हणाला. चाकं जरा बाहेरच्या बाजूला यावीत म्हणून त्याने त्यांच्यामागे स्पेसरच्या जाड चकत्या घातल्या होत्या. त्यामुळे चाकाचा नट स्टडवर, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या बोल्टवर, जेमतेम पाच फेरे बसत होता. त्याने इंटरनेटवरून आणलेले चकचकीत स्टड तिने तिथल्या तिथे परत केले होते. आठ फेऱ्यांच्या आत जो नट थांबतो, तो मी ट्रॅकवर पाठवत नाही, असं सांगून तिने लांब आणि चांगल्या पोलादाचे मागवले होते.

"डावे स्टड घालताना चाक ज्यावर बसतं तो हब हाताने फिरवावा लागला. आत वाळू असल्यासारखी खरखर होती. मी तेव्हाच अंकलना सांगितलं. ते काही न बोलता पलीकडे निघून गेले."

"मी हळू चालवीन," समर म्हणाला. "चारच लॅप."

"बेअरिंग ढिलं झालं की चाक डगमगतं. ते ब्रेकचे पॅड मागे ढकलतं. शंभरच्या स्पीडला वळणाच्या आधी तुम्ही पेडल दाबणार आणि ते सरळ खाली जाणार. मग हळू कसं चालवणार?"



कोणाला न विचारता ईशिताने गाडी लिफ्टवर चढवली. मग अंकलच्या समोर जाऊन उभी राहिली. "ऐकू नका. इथे हात ठेवा."

अंकल हलले नाहीत. तिने सरळ त्यांचं मनगट धरलं आणि उजव्या चाकामागच्या स्प्रिंगवर त्यांचा पंजा टेकवला. दुसऱ्या हाताने चाक फिरवलं. स्प्रिंग शांत. मग त्यांना तसंच ओढत डावीकडे नेलं. पंजा टेकवला, चाक फिरवलं.

अंकलचा चेहरा बदलला.

"परत फिरव," ते म्हणाले.

तिने फिरवलं. त्यांनी डोळे मिटले. चाक थांबलं तरी हात तिथेच होता.

तीन वाजले, पण शटर खाली आलं नाही. हब अंकलनी स्वतः काढला. बेअरिंगच्या आतल्या कड्यावर बोटाच्या पेराएवढा पट्टा उखडलेला होता. समरने तो बघितला, मग आपल्या गाडीकडे बघितलं, आणि रविवारचं बुकिंग रद्द करायला फोन घेऊन बाहेर गेला.

ईशिताचा राग अजून गेला नव्हता. आपलं खरं निघालं म्हणून ते वाक्य पुसलं जात नव्हतं. ती अंकलच्या पुढ्यात उभी राहिली, त्यांचे ओठ नीट दिसतील अशी.

"सहा वर्षांत तुम्ही मला असं कधी बोलला नाहीत. आज का बोललात? सांगा. सांगेपर्यंत मी इथून हलणार नाही."

अंकलनी हात पुसले. पुसून झाल्यावरही बराच वेळ पुसत राहिले. मग मान वर केली आणि तिला एकेक शब्द वाचता यावा अशा बेताने म्हणाले,

"वर्ष झालं, माझा डावा कान गेलाय. मला सगळेच आवाज उजवीकडून येतात."