फोटोतला हात

"हा हात माझा आहे," आई म्हणाली.

शहराच्या संग्रहालयात आम्ही दोघी कॉलऱ्याच्या साथीच्या दालनात उभ्या होतो. भिंतीवरच्या मोठ्या फोटोत सुटातले एक आरोग्याधिकारी होते आणि कडेला परीक्षानळी धरलेला, चौकटीने कोपराशी कापलेला एक हात. त्या हातातल्या बांगड्या वर सरकवून रबरबँडने आवळल्या होत्या. काचेला लागू नयेत म्हणून प्रयोगशाळेत आई तसंच करायची. खाली लिहिलं होतं, 'पाण्यातले रोगजंतू शोधून शहर वाचवणारे अधिकारी'.

"शोधले मी. हा साहेब फोटोपुरता आला होता," आई पुटपुटली. "नळाच्या पाण्याला इतका घाबरायचा, की दिवसभर सोडा प्यायचा. जाऊ दे, चल."

आयुष्यभर ती 'जाऊ दे' हेच म्हणत आली. माझी कानशिलं मात्र तापली. संग्रहालयाच्या तरुण व्यवस्थापकाला बोलावून मी विचारलं, "हा फोटो पूर्ण का नाही?"

"भिंतीवर एवढी जागा नव्हती, मॅडम. कडेच्या बाई मदतनीस असतील, म्हणून कापल्या."

दाराकडे निघालेली आई थांबली. वळून आली ती थेट फोटोसमोर, आणि फरशीवर मांडी घालून बसली.

"आजी, बरं वाटत नाहीये का? पाणी आणू?"

"नको!" तिचा चढलेला आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "जागा कमी होती, तर साहेबाला कापायचं होतं. आता अख्खा फोटो आणून लावा, खाली माझं नाव घाला. तोवर मी हलणार नाही."