बिनआवाजाची सायकल

मन्मथप्पा जाऊन वर्ष होत आलं, तेव्हा केदारनाथनं त्यांची जुनी सायकल मोबाईलवर बघून-बघून 'फिक्सी' करून टाकली. कॅरिअर, मडगार्ड, चेनकव्हर, सगळं उतरवलं. फ्रीव्हील काढून चाकालाच घट्ट गिअर बसवला. आता पायडल थांबलं की चाकही थांबणार. पायडल न मारता सायकल सोडली की होणारी ती टिकटिक कायमची बंद.

गेवराईच्या पेठेत मित्रांनी वाहवा केली, तरी बापाच्या वस्तूची मोडतोड केल्याचं त्याला आतून खातच होतं. मायच्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्यात वर्षभरात तिचं विसरणंही वाढलेलं. पण ती सायकलवरून हात फिरवणार आणि कॅरिअर हाताला लागलं नाही की शिव्या घालणार, याची त्याला खात्री होती.

रोज संध्याकाळी तो दुकान बंद करून याच सायकलवरून गल्लीत शिरला, की टिकटिक ऐकूनच माय चहा टाकायची. साखर मात्र हमखास विसरायची. बिचारीला कशाला बोलायचं, म्हणून तो तसाच प्यायचा.

आज सायकल आवाज न करता दारात आली. माय उंबऱ्यावर बसून होती आणि गॅस बंद होता.

"माय, आज चहा न्हाई टाकला?"

 

"थांब की जरा. तुझ्या अप्पाची सायकल वाजली न्हाई आजून. त्यांचा बिनसाखरेचा झाला, की तुला साखरेचा करते."