चष्म्यातले मोर

कुमुदताईंनी मागावर विणलेल्या पैठणीच्या पदरावर चौदा मोर होते. त्यांनी ते चष्म्यातून दोनदा मोजले. चौदाही सुबक विणलेले दिसत होते.

"आई, डावीकडच्या पाचांना मानाच नाहीत," सून प्रांजल म्हणाली. "बोट फिरवून बघा."

बोटाला मानेच्या जागी नुसतं कोरं रेशीम लागलं. चष्म्यातून मात्र मान दिसतच होती.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं. "काचबिंदू आहे. डोळ्यातल्या दाबानं नस मरतेय. नजरेचा जो भाग गेलाय, तिथलं चित्र हा स्मार्ट चष्मा अंदाजानं रचून उरलेल्या नजरेत दाखवतो. म्हणून तुम्हाला कळलं नाही."

"म्हणजे चष्म्याला ठाऊक होतं?"

"तीन वर्षांपासून. आत नोंद आहे. गिऱ्हाईक घाबरू नये म्हणून कंपनी सांगत नाही. तेव्हाच कळलं असतं तर कदाचित लेझरवर भागलं असतं."

कुमुदताईंनी चष्मा टेबलावर आपटला. "माझे डोळे जात होते आणि हा मेला मला मोर दाखवत बसला! आता काय?"

"शस्त्रक्रिया. डोळ्यातलं पाणी निघायला नवी वाट करू. उरलेली नजर वाचेल, गेलेली येणार नाही."

"करा. आणि ती नोंद छापून द्या. कंपनीच्या दारात उभी राहून वाचते."

शस्त्रक्रियेनंतर दीड महिन्यानं दोन्ही डोळ्यांतला दाब बत्तीसवरून बारावर आला. दृष्टिक्षेत्र, म्हणजे नजरेच्या आवाक्यात येणारा भाग, एक्केचाळीस टक्के भरलं. आधीही तेवढंच होतं.