परसदारचं ताक

"कामांची चिठ्ठी मी लिहून देतो. सभेत तू फक्त ती वाच," असं बायकोला बजावून चुडामण आबा कोरा कागद घेऊन ओट्यावर बसले. दहा वर्षं ते एरंडोलचे नगरसेवक होते. यंदा वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला म्हणून बेबाबाई उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. कारभार मात्र आपल्याच हाती आहे, याबद्दल आबांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. आज अकराला पहिली सभा होती. लोक गाऱ्हाणी घेऊन येतील, ती कागदावर उतरवायची, की झालं.

नऊ वाजले तरी ओट्यावर कोणी फिरकेना. बायका तेवढ्या लोटे घेऊन बाजूच्या बोळातून परसदारी जात होत्या. गल्लीला ताक फुकट द्यायची या घरची जुनी रीत. आज ताकाला भलतीच गर्दी दिसते, असं आबांना वाटलं. घरातलं त्यांना ठाऊक असायचं ते एवढंच. बाकी दिवसभर त्यांचा मुक्काम नगरपालिकेसमोरच्या टपरीवर.

दहाला बेबाबाई बाहेर आल्या. हातात वहीचा कागद, दोन्ही बाजूंनी भरलेला. कुंदाबाईच्या दारापुढची तुंबलेली गटार, अंगणवाडीचं गळकं छप्पर, खांबावरचे बंद दिवे, टेकाडावरच्या घरांना न चढणारं नळाचं पाणी. आबांनी वाचलं. यातली निम्मी कामं त्यांच्या गावीही नव्हती.

"हे कोणी सांगितलं तुला?"

"ताकाला येतात ना बायका, त्या सांगतात. आजवर जेवताना मी तुमच्या कानावर घालायचे. यंदा लिहून काढलं."

आबा क्षणभर खट्टू झाले. मग त्यांचं त्यांनाच हसू आलं. बायकोचा असा अभिमान त्यांना लग्नानंतर प्रथमच वाटत होता. कोरा कागद त्यांनी खिशात कोंबला.

"सभेत तूच बोल. आणि उद्यापासून मीही ताकाच्या वेळेला घरी थांबत जाईन. मलाही लोटाभर ठेव."

बोळातून बाहेर पडणाऱ्या नर्मदाबाईंनी ते ऐकलं. पदर तोंडाला लावून त्या म्हणाल्या, "कसानं ताक, आबा? तुमनी म्हैस दिवाईपासून आटेल शे."