आपलाच पिक्चर

"बाबा, तुमचं लव्ह मॅरेज होतं का हो?" मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून मी विचारूनच टाकलं! टीव्हीवर जुना काळा-पांढरा सिनेमा चालू होता. हिरोचं लग्न ठरतं मोठ्या बहिणीशी, पण अंतरपाट सरकतो तर समोर धाकटी, आणि त्याचं छुपं प्रेम नेमकं तिच्यावरच! सगळे पोट धरून हसत होते. दिव्यानीताई सोडून. उद्या वरोऱ्याचे पाहुणे तिला पाहायला येणार होते आणि तिला ते स्थळ नको होतं.

"अरे, हा त आपलाच पिक्चर हाये!" बाबा म्हणाले. "मी पसंत केलं होतं तुह्या मावशीले. तिनं ऐन टायमावर नाई म्हटलं, त अंतरपाटामागं तुही आई!"

मी टाळ्याच पिटल्या. "आई, हे काऊन नाई सांगितलं कधी?"

"काय सांगू? नववीत होती मी," आई म्हणाली. "मले वाटलं, करवली म्हणून नटवून राह्यले."

मीही नववीतच आहे. मी टीव्ही बंद केला.

"बाबा, आई, आताच सांगून ठेवते. उद्या ताई नाई म्हणाली, तर तिच्या जागी मी उभी राहणार नाई."